भोवरा, भातुकली आणि बेंदराचे बैल: जुन्या खेळण्यांना घरातील कलाकृतीचे रूप कसे द्यावे

कोल्हापुरातील जुन्या घराचा माळा आवरायला घेतला, की पितळेच्या तपेल्यांमागे एखादी पत्र्याची ट्रंक हमखास सापडते. तिच्यात भातुकलीची इवलीशी भांडी असतात, आर, म्हणजे टोकाचा खिळा, बोथट झालेला भोवरा असतो, लाखेचा रंग उडालेली लाकडी बाहुली असते, दिवाळीच्या किल्ल्यावरचे दोन-चार मावळे असतात आणि एखादा शिंग मोडलेला, बेंदराला म्हणजे बैलांच्या सणाला पुजलेला मातीचा बैल असतो. ही खेळणी खेळायला घरात कोणी उरलेले नसते आणि ती टाकून द्यायलाही मन धजत नाही, म्हणून ट्रंक पुन्हा माळ्यावर जाते. या वस्तूंना मोठ्या माणसांच्या घरात मानाची जागा कशी देता येईल, दिवाणखान्यात त्या निव्वळ आठवण म्हणून न राहता कलाकृती म्हणून कशा उभ्या राहतील, याची रीत येथे सविस्तर दिली आहे.

खेळण्यावरची झीज ही या कामातील खरी सामग्री आहे. हजारदा हाताळल्याने गुळगुळीत झालेली कड, दातांचे वळ, उडालेला रंग हे सारे एका मुलाने वर्षानुवर्षे केलेले काम आहे आणि ते कोणत्याही कारागिराला नव्याने करता येत नाही. आपल्याकडून घालायचे ते एवढेच: वस्तूभोवतीची मोकळी जागा, नेमकी मांडणी आणि योग्य उजेड. त्यामुळे पुढील प्रत्येक टप्प्यावर एक कसोटी लावावी. आज केलेले उद्या उलगडता येईल का? ज्याचे उत्तर नकारार्थी आहे, ते शक्यतो टाळावे.

खेळणे आणि कला यांच्यामध्ये फार मोठी भिंत नाही, हे मोठ्या कलावंतांनी पूर्वीच दाखवून दिले आहे. पिकासोने १९५१ मध्ये पिल्लाला बिलगून घेतलेल्या वानराचे शिल्प घडवले, तेव्हा त्या वानराचे तोंड त्याने आपल्या लहान मुलाच्या दोन खेळण्यातल्या मोटारगाड्या एकमेकींना जोडून तयार केले. गाडीची पुढची काच डोळ्यांच्या जागी आली आणि नंतर संपूर्ण शिल्प ब्राँझमध्ये ओतले गेले. आपल्याकडे के. जी. सुब्रमण्यन यांनी बडोद्याच्या कला विद्याशाखेतील मेळ्यांसाठी लाकूड, चामडे आणि मणी यांची खेळणी हौसेने केली, आणि त्यांच्या चित्रांइतक्याच आदराने ती आज पाहिली जातात.

निवड

सुरुवात वगळण्यापासून करावी. ट्रंकेतील सगळेच एका फ्रेममध्ये बसवण्याचा मोह होतो आणि तो आवरला नाही, तर भिंतीवर जत्रेतल्या खेळण्यांचे दुकान मांडल्यासारखे दिसते. एका कलाकृतीत एक मुख्य वस्तू असावी. बाकीच्या असल्याच तर तिला आधार देणाऱ्या असाव्यात.

वस्तू निवडताना ती हातात घेऊन खिडकीजवळ फिरवून पाहावी. भोवऱ्याचेच उदाहरण घ्या. त्याच्या डोक्यावर बारीक खोलगट खाचा दिसतील. खेळात दुसऱ्या पोराने आपला भोवरा नेम धरून त्याच्यावर आपटल्याच्या त्या खुणा आहेत. जिथे दोरी गुंडाळली जात असे तिथला रंग पूर्ण गेलेला असतो आणि लाकूड तळहातासारखे मऊ लागते. आरेपाशी गंजाची तांबूस कडी उमटलेली असते आणि तिथून लाकडात एखादी भेग वर चढलेली असते. एवढे सगळे सांगणारी वस्तू एकटीच पुरेशी असते, तिला शेजाऱ्यांची गरज नाही. याउलट कोराकरकरीत राहिलेला, कधी न खेळलेला भोवरा कितीही सुबक असला, तरी या कामासाठी तो कमी उपयोगाचा आहे.

काही वस्तूंना हात लावू नये. आंबोली घाटाखालच्या सावंतवाडीहून आणलेला लाकडी भातुकलीचा संच पूर्ण असेल, तर तो फोडून त्यातील दोन-तीन नग वेगळे करणे योग्य नाही. तो संच म्हणूनच काचेच्या कपाटात ठेवावा. बेंदराचा बैल पुजलेला असतो, त्यामुळे तो भिंतीवर मांडण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांना विचारणे आवश्यक आहे. आणि ज्याचे खेळणे आहे ती व्यक्ती हयात असेल, मग ती पन्नाशीतील बहीण का असेना, तर तिच्या परवानगीविना काहीही करू नये.

निवड पक्की झाली, की साफसफाईच्या आधी वस्तूचे चारही बाजूंनी फोटो काढावेत आणि आजीला, आत्याला, मामाला विचारून ती कोणी, कुठून, कोणासाठी आणली हे लिहून ठेवावे. पुसल्यानंतर काही खुणा जातात आणि माणसांच्या आठवणीही कायम राहत नाहीत.

साफसफाई

सर्वाधिक नुकसान याच टप्प्यावर होते, कारण स्वच्छ करण्याच्या भरात माणसे वस्तू नवी करायला जातात. येथे धूळ आणि तेलकट मळ काढायचा आहे. वय काढायचे नाही.

लाखेचा रंग दिलेले लाकडी खेळणे सर्वप्रथम मऊ, कोरड्या ब्रशने झाडावे. चित्रकलेचा रुंद ब्रश यासाठी उत्तम असतो. मळ चिकट असेल, तर सुती कापड पाण्यात बुडवून घट्ट पिळावे आणि एका वेळी बोटभर जागा पुसून लगेच कोरडी करावी. स्पिरिट किंवा सॅनिटायझर अजिबात वापरू नये. लाख मद्यार्कात विरघळते, आणि कापडाच्या एका फटकाऱ्यात जुना लाल-पिवळा पट्टा कापडावर उतरतो. लाकडाला बारीक भोके असतील आणि त्याखाली पिठासारखा ताजा भुगा पडत असेल, तर आत किडा जिवंत आहे असे समजून ती वस्तू प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून इतरांपासून दूर ठेवावी आणि कीड नियंत्रणाचे काम जाणणाऱ्याला दाखवावी.

रंगाबाबत एक धोका गांभीर्याने लक्षात घ्यावा. जुन्या तैलरंगांत शिशाचे प्रमाण मोठे असू शकते. घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा घालणारे नियम भारतात २०१६ मध्ये आले. म्हणून जुना रंगीत लाकडी घोडा किंवा पत्र्याची गाडी पॉलिश पेपरने घासू नये, सुटणारे पोपडे बोटांनी उचकटू नयेत, काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत आणि अशी वस्तू लहान मुलांच्या हाती पुन्हा देऊ नये.

मातीच्या वस्तूंचे दोन प्रकार असतात आणि त्यांतील फरक ओळखल्याशिवाय पुढे जाऊ नये. भाजलेल्या मातीवर टिचकी मारली तर खणखणीत आवाज येतो. कच्च्या मातीचा आवाज बद्द येतो. गंगावेस, शाहूपुरी, बापट कॅम्प येथील कुंभारवाड्यांतून येणारे कितीतरी बैल आणि मावळे कच्च्या मातीचेच रंगवलेले असतात, आणि कच्ची माती पाण्याचा थेंबही सहन करत नाही. तिला फक्त कोरडा ब्रश चालतो. मोडलेले शिंग सापडले तर जोडावे. ते हरवले असेल, तर नवे करून बसवण्याऐवजी बैल तसाच ठेवावा, असे माझे ठाम मत आहे. मोडक्या शिंगाचा बैल पाहणाऱ्याला क्षणभर थांबवतो. नवे शिंग लावलेला बैल कोणालाही थांबवत नाही.

पितळी भातुकलीला चिंच किंवा पीतांबरी लावून लखलखीत करण्याची सवय आपल्या हाडीमाशी खिळली आहे. देवघरातल्या भांड्यांसाठी ती योग्यच आहे. मात्र भातुकलीच्या इवल्या कढईवर वर्षांनुवर्षे चढलेला तपकिरी-काळसर थर तिच्या घडणीची प्रत्येक वळी, प्रत्येक ठोक्याची खूण उठावदार करतो आणि एकदा घासला की तो परत यायला तितकीच वर्षे लागतात. हिरवी भुकटी आली असेल तेवढीच लाकडी टोकदार काडीने आणि कोरड्या ब्रशने काढावी.

कापडी बाहुलीत कसर किंवा झुरळाची अंडी असण्याची शक्यता असते. ती बाहुली हवाबंद पिशवीत घालून घरच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवावी आणि बाहेर काढल्यावर एक दिवसभर पिशवी उघडू नये. नाहीतर हवेतील ओल थंड कापडावर बसते. रंगवलेल्या किंवा लाख लावलेल्या लाकडासाठी ही युक्ती वापरू नये, कारण थंडीने रंगाचा थर तडकतो. जुन्या रबरी-प्लॅस्टिकच्या बाहुल्या हाताला चिकट लागत असतील, तर त्यांतील मऊपणा आणणारे द्रव्य बाहेर झिरपत आहे असे समजावे. अशा बाहुल्या सौम्य साबणाने पुसता येतात, पण इतर वस्तूंसोबत बंद फ्रेममध्ये ठेवू नयेत.

खोल फ्रेम आणि तिच्यातील मांडणी

बहुतेक खेळण्यांना सर्वांत शोभणारे आणि घरच्या घरी जमणारे रूप म्हणजे खोल फ्रेम. फोटो फ्रेम करणारा कोणताही चांगला कारागीर ती करून देतो, मात्र त्याला आतली खोली स्पष्ट सांगावी लागते. वस्तूची सर्वांत पुढे येणारी बाजू आणि काच यांच्यात किमान दीड-दोन सेंटिमीटर अंतर राहिले पाहिजे. एका भोवऱ्यासाठी १२ इंच रुंद, १४ इंच उंच आणि साडेतीन इंच खोल फ्रेम पुरते. ती इतकी मोठी कशासाठी, असा प्रश्न कारागीर हमखास विचारेल. मोकळी जागा ठेवल्याशिवाय वस्तूकडे नजर जात नाही, म्हणून ती हवी.

मागचा तक्ता साध्या एमडीएफचा, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचा असेल, तर त्यातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफा बंद जागेत कापड, कागद आणि धातू यांना हळूहळू खातात. त्यावर आम्लमुक्त माउंट बोर्ड लावावा आणि त्यावर हवे तर जुन्या धुतलेल्या सुती कापडाचे आवरण द्यावे. रंग निवडताना वस्तूपेक्षा शांत रंग घ्यावा. पितळेला करडा-निळा किंवा काजळी रंग खुलवतो, मातीच्या बैलाला चुन्याचा पांढरा खुलवतो. इरकलीचा गडद काठ किंवा झगझगीत जरी मागे लावली, की पाहणारा पार्श्वभूमीच पाहत बसतो.

मांडणी फ्रेममध्ये करू नये. फ्रेमच्या मापाचा कागद जमिनीवर पसरून त्यावर वस्तू ठेवाव्यात, उभे राहून वरून पाहावे आणि मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढावा. रंग गेल्यावर वजन कुठे पडते आहे ते लगेच कळते. एकटी वस्तू असेल, तर ती अगदी मध्यावर न ठेवता मध्याच्या किंचित खाली किंवा एका अंगाला सरकवून पाहावी. भातुकलीची पाच-सहा भांडी घ्यायची असतील, तर ती ओळीने लावण्याऐवजी पोरी मांडतात तशी मांडावीत: चूल, तिच्यावर कढई, जवळ पळी, थोड्या अंतरावर उलटे पडलेले एक पातेले. खेळ अर्धवट टाकून कोणी हाक आल्यावर उठून गेले असावे, असे त्या मांडणीत वाटले पाहिजे. कागदावरची मांडणी दोन दिवस तशीच राहू द्यावी आणि येता-जाता तिच्यात एक-एक वस्तू कमी करत जावे.

बसवताना चिकटवण्याऐवजी बांधण्याला प्राधान्य द्यावे. वस्तूच्या दोन्ही बाजूंना तक्त्यात बारीक छिद्रे पाडून पितळी तार किंवा मेणाचा दोरा मागे नेऊन पिळावा. तार जिथे वस्तूला टेकते तिथे तिच्यावर पारदर्शक नळीचा बारीक तुकडा चढवावा, म्हणजे ओरखडा पडत नाही. भोवऱ्यासाठी त्याच्या स्वतःच्याच दोरीचा फास करून त्याला टांगता येते, आणि यासारखा उत्तम उपाय दुसरा नाही. जड पितळी तपेल्याला खालून लाकडाचा लहानसा टेकू द्यावा.

चिकटवणे अटळच असेल, तर काय कुठे वापरायचे याचे भान हवे. उघड्या लाकडाच्या मोडक्या सांध्याला फेव्हिकॉल चालतो. अरल्डाइट घट्ट धरते, मात्र ते सोडवताना वस्तूचा तुकडा निघतो, म्हणून ते मूळ खेळण्यावर लावू नये. संग्रहालयांतील संवर्धक पॅरालॉइड बी-७२ नावाची ॲक्रिलिक राळ ॲसिटोनमध्ये विरघळवून वापरतात. मोडलेले मातीचे शिंग जोडण्यास ती योग्य आहे, कारण पुन्हा ॲसिटोन लावले की सांधा सुटतो. मात्र ॲसिटोनने लाख, रंग आणि प्लॅस्टिक यांची हानी होते. त्यामुळे रंग नसलेल्या तुटक्या कडेपुरताच त्याचा वापर करावा.

टांगलेली आणि उभी रूपे

पाळण्यावर टांगायच्या लाकडी चिमण्या आणि पोपट सुट्या-सुट्या सापडतात, तेव्हा त्यांची झुलती रचना करता येते. अशी रचना नेहमी खालून वर बांधत जावी. सर्वांत खालच्या काडीच्या दोन टोकांना दोन चिमण्या बांधून ती काडी बोटावर तोलावी, जिथे तोल साधतो तिथे दोरा बांधावा आणि ती पूर्ण जोडी वरच्या काडीच्या एका टोकाला लावावी. वरून सुरुवात केली, तर प्रत्येक नव्या चिमणीसरशी आधीचा तोल बिघडतो. जिन्यावरच्या मोकळ्या उंचीत, वारा फार नसलेल्या जागी ही रचना शोभते.

पांगुळगाड्याला मात्र काहीही करू नये. तीन चाके आणि हात धरण्याची आडवी दांडी एवढ्या त्या लाकडी रचनेत मुळातच शिल्पाचा तोल असतो. गुडघ्याइतक्या उंचीच्या साध्या पांढऱ्या चौथऱ्यावर तो एकटा ठेवावा आणि चाकांना खालून पाचरी माराव्यात.

मोडकी, कोणाचीच आठवण न जोडलेली प्लॅस्टिकची खेळणी मात्र मोकळेपणाने वापरावीत. लुइझ नेव्हलसन या अमेरिकी शिल्पकर्तीने टाकाऊ लाकडी तुकडे पेट्यांमध्ये रचून सगळ्यांना एकच काळा रंग दिला आणि त्यांतून भव्य भिंती उभ्या केल्या. गाड्यांची चाके, ठोकळे, बाहुल्यांचे हात यांची अशी रचना करून एकाच रंगाचा हात दिला, की वस्तूंची ओळख मागे पडते आणि आकार व सावल्या पुढे येतात. उलगडता न येणारे काम म्हणून मी हे फक्त अशाच खेळण्यांपुरते मान्य करते.

धातूतील प्रतिकृती

कोल्हापुरात राहणाऱ्याला एक मार्ग असा उपलब्ध आहे, जो इतर अनेक शहरांत सहज मिळत नाही. शिवाजी उद्यमनगर आणि आसपासच्या औद्योगिक वसाहतींमुळे ओतकाम जाणणारे कारागीर येथे हाकेच्या अंतरावर आहेत. कच्च्या मातीचा बैल इतका नाजूक असतो, की तो आयुष्यभर बाहेर ठेवणे कठीण. अशा वेळी मूळ बैल कपाटात जपून त्याची ॲल्युमिनियम किंवा पितळेची प्रतिकृती बैठकीत ठेवता येते.

साचा करण्यासाठी वाळूत दाबलेला बैल बाहेर काढताना त्याची शिंगे आणि पायांमधली पोकळी अडकते, त्यामुळे मूळ बैल थेट ओतशाळेत नेऊ नये. फोटोग्रामेट्रीने, म्हणजे सर्व बाजूंनी काढलेल्या शंभरेक फोटोंवरून संगणकावर त्याचा त्रिमितीय आकार तयार करावा आणि थ्रीडी प्रिंटरवर त्याची नक्कल काढावी. यात मूळ मातीला स्पर्शही होत नाही. ती नक्कल दोन भागांत कापून नमुना म्हणून द्यावी. थंड होताना धातू आकसतो, ॲल्युमिनियम आणि पितळ साधारण सव्वा ते दीड टक्का, म्हणून नमुना तेवढा मोठा काढावा. एका नगासाठी स्वतंत्र भट्टी पेटवणे कोणालाच परवडत नाही. दुसऱ्या कामासाठी वितळलेल्या धातूचा रस ओतला जात असताना आपला साचा लावून घेण्याची विनंती करावी. ओतून आलेल्या नगावरच्या वाळूच्या खरबरीत खुणा घासून काढू नयेत, कारण बोटांनी घडवलेल्या मातीच्या पोताशी त्या चांगल्या जुळतात.

भिंत, उजेड आणि पावसाळा

आपल्याकडे फ्रेमचा खरा शत्रू ओल आहे. फ्रेम बंद करण्याचे काम दिवाळी ते होळी या कोरड्या काळात करावे. आषाढात बंद केलेल्या फ्रेममध्ये आषाढाची हवा कायमची कोंडली जाते आणि काचेच्या आत बुरशीचे ठिपके येतात. मागच्या बाजूला ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी ठेवण्यासाठी छोटा कप्पा करून घ्यावा आणि ती पुडी दरवर्षी बदलावी. पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, तेव्हा त्या बाजूच्या बाहेरच्या भिंतीवर फ्रेम लावू नये. मधली भिंत निवडावी आणि फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून हवा खेळती ठेवावी. शहराच्या जुन्या पेठांतील मातीच्या भिंतीत नुसता खिळा तग धरत नाही. तिथे लाकडी खुंटी ठोकून तिच्यात स्क्रू बसवावा.

फ्रेमचा मध्य जमिनीपासून सुमारे १४५ ते १५० सेंटिमीटरवर आला, की उभ्या माणसाच्या नजरेशी जुळतो. बैठकीच्या खोलीत, जिथे लोक बहुधा बसूनच पाहतात, तिथे तो थोडा खाली घ्यावा. थेट ऊन पडू देऊ नये. पिवळसर एलईडीचा दिवा वरून तिरपा सोडला, की भोवऱ्यावरच्या खाचा सावल्यांनी भरतात. अगदी समोरून टाकलेल्या उजेडात त्या दिसेनाशा होतात. म्हणून दिवा कायमचा बसवण्यापूर्वी हातात टॉर्च धरून कोन ठरवून घ्यावा.

काम पूर्ण झाल्यावर फ्रेमच्या मागे आम्लमुक्त कागदाची चिठ्ठी लावावी आणि तिच्यावर पेन्सिलीने, कारण शाई ओलीत फुटते, इतके लिहावे: खेळणे कोणाचे, कुठून आणले, साधारण कोणत्या काळातील, कशाचे बनलेले, कोणता सांधा कशाने जोडला, तार कुठून सोडायची आणि सिलिका जेल शेवटची कधी बदलली.